कुत्र्यासाठी

अर्ज मिळतो मंगळवारी आणि गुरुवारी, नऊ ते बारा.
'कुंपणाचा हेतू' या रकान्यात मी लिहिलं: कुत्रा.
कारकूनबाई मार्लिस चष्म्यावरून हसली,
कुठल्या जातीचा?
म्हटलं, अजून ठरायचंय.

अकराशे वस्तीचं गाव, आयोवातलं.
आमची गल्ली संपली की मका,
ऑगस्टात माणूस बुडेल एवढा.
अप्पा त्यात दोनदा शिरले.
दुसऱ्यांदा सापडले तेव्हा ओळी मोजत होते,
पायात एकच चप्पल.
म्हणाले, आधी गट नंबर सांगा, मग येतो.

चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली त्यांनी.
लोक रात्रीतून वीतभर बांध कोरायचे
आणि अप्पा साखळी टाकून ती वीत परत आणायचे.
बाभळीखाली पुरलेला हद्दीचा दगड सापडला
की भावकीचं भांडण खाली बसायचं.
किंवा उठायचं.

इथल्या खुणा लोखंडी, गवताखाली चार बोटं.
शोधायचं यंत्र दिलं शेजारच्या आर्डिसने,
तिचा नवरा त्यावर जुनी नाणी शोधायचा.
सोबत स्टीलचं एक पसरट भांडं:
तुमच्या कुत्र्याला, पाण्यासाठी.
मी थँक यू म्हटलं. काय म्हणणार?

खोदण्याआधी फोन करावा लागतो.
माणसं येऊन झेंडे रोवून गेली,
निळे पाण्याचे, पिवळे गॅसचे, नारिंगी तारांचे.
अप्पांनी दुपारभर ते निरखले,
मग एकेक उपटून, रंगवार लावून,
गुच्छ माझ्या हातात दिला. काम झालं, म्हणाले.
पुन्हा फोन.

खड्डे बेचाळीस इंच.
त्याहून उथळ खांब इथली थंडी वर ढकलते,
म्हाताऱ्याच्या दातासारखे हलायला लागतात.
हे सगळं डॅरिल सांगत होता, कुंपणवाला,
तोंडात पेन्सिल धरून.
आणि चांगली बाजू बाहेर, असा गावाचा नियम.
आत येतील आडव्या पट्ट्या, तीन.

तीन पट्ट्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.
शिडीच की ती.
अप्पा एक्क्याऐंशीचे, पण पायरी दिसली
की पाय आपोआप उचलतो.
उलटं लावता येईल?
येईल, शेजाऱ्याची लेखी संमती आणा.
पण कुत्र्याला काय फरक पडतो?

आर्डिसने कागद दोनदा वाचला.
तिच्या खिडकीला यापुढे कुंपणाचा सांगाडा दिसणार होता,
खिळे, पट्ट्या, गाठी.
तिने बाहेर पाहिलं. अप्पा ओठ हलवत
पावलांनी अंगण मोजत होते,
भिंतीपाशी पोचून वळत होते.
कुत्र्याचं नाव तिने विचारलं नाही.
पेन आहे का, म्हणाली.

शनिवारी दोरी ताणली तेव्हा अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले.
लगतचे खातेदार हजर आहेत?
मराठीत, खणखणीत.
आर्डिसने तिच्या हद्दीतून हात वर केला.
दोरी सैल आहे, अप्पा म्हणाले.
मी भाषांतर केलं, लाजत.
डॅरिलने टेप लावला, मानेमागे खाजवलं:
पाऊण इंच.
मुकाट्याने खुंटी सरकवली,
आणि नंतरचा प्रत्येक खांब
अप्पांनी मान हलवल्यावरच ओतला.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो.
कुंपण सरड्याकडूनच तपासून घ्यावं,
हे कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

आर्डिसने तिच्याकडच्या पट्टीवर जिरेनियमच्या कुंड्या टांगल्या.
भांडं पायरीवर असतं, चिमण्या अंघोळ करतात.
मार्लिस दुकानात भेटली की विचारते,
आणलात का?
मी पावाची तारीख वाचत बसतो.

पहिल्या संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा
बाहेर ठेवायला गेलो, फाटक ओढून घेतलं.
फळ्यांच्या फटीत अप्पांचा शर्ट दिसला.
ते तळहात फिरवत होते गुळगुळीत लाकडावरून,
वरून खाली, परत वरून.
हद्द कायम झाली, म्हणाले,
अर्जदाराची सही राहिली.
कोण आहे अर्जदार?

कडी माझ्या बाजूला होती.